आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, तिथून पुढचं एक वर्ष

हे आईला विचारूनच लिहितेय. ती म्हणली नाव नको, गावाचं नाव नको, बाकी सगळं लिही, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. तर मराठवाड्यातलं एक गाव एवढंच समजा, तालुक्यापासून १८ किलोमीटर आणि जिल्ह्याच्या गावापासून ८०. मी सासरी असते, तालुक्याच्या पलीकडं. माहेरी आई, अण्णा म्हणजे वडील, दादा-वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि माझी धाकटी बहीण, जिचं तेव्हा बघणं चालू होतं. हे बहिणीचं आत्ताच सांगून ठेवते कारण पुढं त्याचा संबंध येतो.

सुरुवात २०२४ च्या पोळ्याला झाली. १ आणि २ सप्टेंबरला आमच्याकडं जो पाऊस झाला तो मराठवाड्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. शेंगा भरत आलेलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. तेव्हाचा एक रुपयातला पीकविमा भरलेला होता पण नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं आणि ते राहून गेलं, लाईट नव्हती, दादाचा मोबाईल बंद, ओढ्याला पूर. आईच्या मनात मात्र बसलं की मीच दादाला आठवण करून द्यायला पाहिजे होती. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, कितीतरी महिन्यांनी कळलं.

त्यानंतर ती पहाटे दोन-अडीचला उठून बसायला लागली. आम्हाला सांगताना मात्र 'झोप येत नाही, उदास वाटतं' असलं काही ती कधीच बोलली नाही. काळजात धडधडतंय, डोक्यात मुंग्या येतात, पोटात आग पडते, हातपाय गळाल्यासारखे झालेत, हेच सांगायची. आमच्याकडं बाया असंच सांगतात. मन दुखतंय हे सांगायला शब्दच नसतात, म्हणून मग छाती दुखते, डोकं दुखतं. हे मला तेव्हाच कळलं असतं तर निदान अडीच महिने वाचले असते.

मग जे सगळे करतात तेच आम्ही केलं. गावात येणाऱ्या डॉक्टरकडं सहा वेळा सलाईन, १,८०० रुपये. सलाईन लावली की एक दिवस बरं वाटायचं, कारण त्या दिवशी कुणीतरी तिच्याजवळ बसलेलं असायचं, असं मला आता वाटतं. मग तालुक्याच्या फिजिशियनकडं तीन चकरा, ईसीजी, रक्त, थायरॉईड, शुगर, औषधं धरून ४,७००. मग जिल्ह्याला हार्टच्या डॉक्टरकडं २,४००, तिथून डोक्याचा एमआरआय ६,०००, आणि त्या दोन दिवसांच्या गाडीभाड्याचे २,२००. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नका. दादा तर एकदा आईवर चिडलाच, सगळं नॉर्मल आहे तर तुला होतंय तरी काय. आई त्यानंतर दुखणं सांगायचीच बंद झाली आणि आम्हाला वाटलं फरक पडला. मध्ये मामा एका देवऋषीकडं घेऊन गेले, तो म्हणला बाहेरची बाधा आहे, उतारा आणि दक्षिणा मिळून १,५०० गेले. मामांवर माझा राग नाही. त्यांच्या बहिणीसाठी त्यांना जे दार माहीत होतं ते त्यांनी वाजवलं. १८,६०० रुपये गेले, ज्या वर्षी पीक नव्हतं त्या वर्षी, आणि यातल्या एकानेही 'मानसोपचार' हा शब्द काढला नव्हता.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, मी माहेरी गेले तेव्हा मला बसला धक्का. आईनं केस विंचरलेले नव्हते. फराळाचं सगळं वहिनीनं एकटीनं केलेलं. मी ओवाळत होते आणि आई भिंतीला टेकून बघत होती, पण बघत नव्हती. रात्री मला म्हणली, "मला काहीच करू वाटंना गं बाई. तुम्ही आपापलं बघा आता." त्या 'आता'नं मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावच्या आशा वर्कर, दादाच्या लहान्याच्या डोसचं सांगायला आल्या होत्या. त्यांनी आईकडं बघितलं, खाली बसल्या आणि दोनच गोष्टी विचारल्या, झोप किती लागते, आणि पहिल्यासारखं कशात मन लागतं का. आई गप्प. आशाताई मला बाहेर घेऊन गेल्या. मराठवाडा आणि विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, शेतकऱ्यांच्या घरातलं टेन्शन ओळखायचं, त्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना हे प्रश्न शिकवलेले. म्हणल्या, हा मनाचा आजार वाटतोय, याला गोळ्या असतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि आज आधी १४४१६ ला फोन लाव. एवढ्या पैशांच्या तपासण्यांनंतर आमचं काम दोन प्रश्नांनी झालं, आणि ते विचारणारी बाई आमच्याच गल्लीतली.

१४४१६ म्हणजे टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. घरात रेंज नव्हती आणि घरात बोलताही आलं नसतं, म्हणून मी शेताच्या बांधावर जाऊन लावला. पहिल्यांदा कट झाला, दुसऱ्यांदा लागला. समोरची ताई वीसेक मिनिटं ऐकत होती. मग तिनं सरळ विचारलं, आई मरणाचं काही बोलतात का. मी 'तुम्ही आपापलं बघा आता' हे सांगितलं. ती म्हणली आईला शांतपणे, सरळ शब्दात विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता ते आज बघा.

आमचं फवारणीचं औषध न्हाणीच्या मागं कोनाड्यात असायचं, लेकरं खेळतात तिथं. दादाला मी सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणलं की हे शेतातल्या खोलीत कुलपात ठेव आणि किल्ली तुझ्याकडं ठेव. त्यानं त्याच संध्याकाळी नेलं, काही विचारलं नाही. हे वाचून तुम्ही दुसरं काहीच केलं नाही तरी एवढं करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आईला मी रात्री विचारलं. जगून काय करायचं असं वाटतं का तुला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणली, "वाटतं. पण करणार नाही काही. लेकरं आहेत." आणि रडली. सप्टेंबरपासून पहिल्यांदा रडली.

आता दवाखाना. इथं अण्णांनी अडवलं. पोरीचं बघणं चालू आहे, गावात कळलं की आईला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं तर कोण येईल दारात. मी भांडले नाही कारण भीती खरी होती, आमच्याकडं पाहुणे सगळी चौकशी करून येतात. शेवटी असं ठरलं की गावात बीपीसाठी नेतोय म्हणून सांगायचं. खोटं बोललो आम्ही, आणि त्याचा त्रासही पुढं झाला, पण त्या दिवशी आई एसटीत बसली ती त्याच्यामुळं बसली. तुमच्या घरी असं होत असेल तर आधी पेशंट गाडीत बसवा, घरच्यांची समजूत नंतर निघते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ११ नोव्हेंबरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकलं पण म्हणले ह्या गोळ्या आत्ता इथं नाहीत, आणि जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याची टीम येते असंही म्हणले, म्हणून १४ तारखेला तिथं गेलो तर ती महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी येते आणि तो दिवस होऊन गेला होता. एक दिवस वाया. तिथल्या सिस्टरकडून मी पुढची तारीख आणि फोन नंबर लिहून घेतला, हे पहिलं शहाणपणाचं काम. जिल्ह्याला मानसोपचाराचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी ओपीडीत बसतात, बाकी दिवस ते तालुक्यांना फिरतात, हेही तिथंच कळलं. तुमच्या जिल्ह्यातले वार वेगळे असतील, निघायच्या आधी विचारा, नाहीतर ८० किलोमीटर जाऊन रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून यायचं.

मंगळवार १९ नोव्हेंबरला निघालो. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं, बऱ्याच एसटी निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, आमची सकाळची गाडी आलीच नाही. आई तालुक्याच्या स्टँडवर दीड तास बसली आणि मग म्हणली चल घरी, देवाच्याच मनात नाही. परत न्यायला पुढचा आख्खा आठवडा तिची मनधरणी करावी लागली.

२६ नोव्हेंबर. गावातून ऑटो माणशी ३० रुपये, तिथून एसटी. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, ४८ रुपयांत एकीचं काम झालं. हे अर्धं तिकीट नसतं तर दर महिन्याला मी आईसोबत जाऊ शकले नसते, हे मी हिशोब करून सांगतेय. केस पेपरला पैसे नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे. आधार कार्ड न्या आणि आधीचे रिपोर्ट न्या. आमचे ते महागडे रिपोर्ट इथं कामाला आले, डॉक्टरांनी थायरॉईडचा बघितला आणि परत करायला लावला नाही.

मानसोपचाराची खोली अगदी टोकाला, जिन्याच्या मागं. बाहेर तीसेक माणसं. माझ्या डोक्यात जे चित्र होतं तसं तिथं काहीच नव्हतं, एक कॉलेजचं पोरगं, एक बाळंतीण तान्ह्या लेकराला घेऊन, एक पोलीस वाटावा असा माणूस, दोन म्हाताऱ्या. आईनं सगळ्यांकडं बघितलं आणि मला हळूच म्हणली, "ही तर आपल्यासारखीच माणसं." माझ्या शेजारी एका तांड्यावरच्या मावशी होत्या, मुलाला आठ वर्षांपासून आणतात. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड, त्यांनी काढलेलं, मानसिक आजारालाही अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, ४० टक्के किंवा जास्त आलं की संजय गांधी निराधारसाठी अर्ज करता येतो, हे त्यांच्याकडून कळलं. आम्हाला ते लागू नव्हतं पण वाचणाऱ्यात कुणाला असेल. आणि त्यांनीच सांगितलं की सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेनं लाव, सगळ्यात नवा वर, डॉक्टरला दोनच मिनिटं असतात.

नंबर दीड वाजता आला. खोलीचं दार उघडं, पुढचा पेशंट दारात उभा, आतल्या टेबलावर आणखी एक नातेवाईक. डॉक्टर चांगले होते पण आईच्या तोंडातून शब्द निघेना, ती परत धडधडीवर आली. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माणूस तीन महिन्यांनी बोलायला आलाय आणि बोलायला जागा नाही. मी फक्त कागद पुढं केला. आदल्या रात्री मी सगळं लिहून काढलं होतं, कधीपासून, किती झोप, किती भाकरी, काय बोलली. डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला, मग आईला समाजसेविका मॅडमकडं पाठवलं, त्यांनी तिला मागच्या व्हरांड्यातल्या बाकावर नेलं आणि अर्धा तास बसवलं. माझ्यासारखं कागदावर लिहून न्या, खरंच. नंतर मला कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. आता मी आत गेल्या गेल्या "सर, दार लावू का" एवढं विचारते, आणि आजवर कुणी नाही म्हणलेलं नाही.

डिप्रेशन. डॉक्टर म्हणले मेंदूतली रसायनं बिघडतात, आळस नाही, नाटक नाही, बाधा नाही, बरं होतं. गोळीचं नाव लिहीत नाही कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिल्या काही दिवसांत मळमळेल, बरं वाटलं तरी स्वतःहून बंद करायची नाही. औषधाच्या खिडकीवर एक गोळी मिळाली, दुसरी शिल्लक नव्हती, ती तालुक्याच्या जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळाली. पंधरा दिवसांच्याच गोळ्या देतात, त्यामुळं संपायच्या चार दिवस आधी हालचाल करायची.

तिसऱ्या दिवशी आईला उलटी झाली आणि दादा म्हणला बंद करा, आणखी एक दुखणं मागं लावलं. मी परत बांधावरून १४४१६ लावला. त्यांनी गोळी जेवल्यावर द्यायला सांगितली, चारेक दिवसांत थांबेल म्हणले, आणि तसंच झालं.

आणि मग काहीच नाही. १० डिसेंबरला दुसरी तारीख झाली तरी ती तशीच. मला वाटलं हाही पैसा आणि वेळ गेला. १७-१८ डिसेंबरला वहिनीचा फोन आला, म्हणली आज आत्याबाईंनी, म्हणजे आईनं, विचारलं हरभऱ्याला पाणी दिलं का. दोघी फोनवर रडलो. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनाच कळेल त्या एका प्रश्नाचं काय मोल असतं. संक्रांतीला ती शेजारी वाणाला गेली, इरकल नेसून.

आता आमची चूक. ४ फेब्रुवारीच्या तारखेनंतर शेजारच्या एका काकूंनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि म्हणल्या ह्या झोपेच्या गोळ्या, सवय लागते, माझ्या नणंदेला लागली. गावात आम्ही बीपी सांगितलेलं, त्यामुळं आईला त्यांना उत्तर देता आलं नाही. तिला बरंही वाटत होतं. तिनं गुपचूप बंद केली आणि वहिनीला घेतली म्हणून सांगत राहिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत पहाटे दोन. २५ मार्चला जिल्ह्याला गेलो तेव्हा वाटेभर माझ्या पोटात गोळा, डॉक्टर ओरडणार. ओरडले नाहीत. म्हणले निम्मे पेशंट असंच करतात, परत सुरू करू. त्या दिवशी अण्णा सोबत होते, त्यांनी स्वतः विचारलं सवय लागते का. डॉक्टरांनी सांगितलं की ह्या रोजच्या गोळीची नशा किंवा चटक लागत नाही, पण अचानक बंद केली की त्रास होतो म्हणून ती हळूहळू कमी करतात, आणि झोपेची वेगळी गोळी होती ती केव्हाच बंद केलीय. अण्णांनी मान हलवली. तिथून पुढं घरातला विरोध संपला. घरातला जो सगळ्यात जास्त विरोध करतो त्यालाच एकदा सोबत न्या.

त्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आईला बोलतं केलं, आणि तेव्हा कळलं की तिच्या नावावर फायनान्सच्या ग्रुपचं ४०,००० चं कर्ज होतं. पेरणीच्या वेळी दादाला बी-खताला पैसे कमी पडले तेव्हा तिनं उचललं, बायांच्या नावावर लगेच मिळतं. दर आठवड्याला मिटिंग, एकीनं हप्ता भरला नाही तर बाकीच्या बसून राहतात. सोयाबीन गेल्यावर ती कुणाकुणाकडून उसने घेऊन हप्ता भरत होती आणि घरात एका शब्दानं बोलली नव्हती. दादाला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही. त्यानं पुढच्या आठवड्यापासून हप्ता स्वतः न्यायला सुरुवात केली. गोळीनं झोप आली, पण हा दगड गोळीनं हलला नसता. म्हणून नुसत्या औषधावर थांबू नका, समुपदेशनाला बसवा, पाचदहा मिनिटं का होईना.

मे पासून आम्ही जिल्ह्याला जाणं बंद करून ग्रामीण रुग्णालयात टीम येते त्या दिवशी जायला लागलो. जिल्ह्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं की इथून पुढं तालुक्याला चालेल का, ते केस पेपरवर लिहून देतात. साडेतीनशे-चारशेची खेप साठ-सत्तरवर आली आणि दिवस मोडायचा तो तीन तासांवर. जाण्याआधी सिस्टरला फोन, टीम येणारे का, गोळ्या शिल्लक आहेत का. जुलैत एकदा टीम आली नाही, फोन केला होता म्हणून आमची चक्कर वाचली. नोव्हेंबरपासून आजपर्यंतचा सगळा खर्च सात हजारांच्या आत आहे आणि त्यातला बहुतेक प्रवासाचाच. उपचार मोफत आहे, उपचारापर्यंत पोचणं मोफत नाही, आणि मधल्या दारांवर माणूस आधीच लुटून गेलेला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये डोस कमी करायचं ठरलं होतं. आणि मग नवरात्राच्या तोंडावर तो पाऊस. मागच्या वर्षीचा त्याच्यापुढं काहीच नाही, या वेळी पिकासोबत मातीसुद्धा वाहून गेली. मी फोन करत होते, लागत नव्हता. तीन दिवसांनी लागला तेव्हा आईनंच उचलला. म्हणली, "दोन दिवस झोप मोडलीय माझी. गोळी चालू आहे. तू तो नंबर मला लावून दे, मी बोलते." ती स्वतः बोलली, पंचवीस मिनिटं. डॉक्टरांनी डोस कमी करणं पुढं ढकललं, तो आता जानेवारीत बघू म्हणलेत. बहिणीचं मे महिन्यात लग्न ठरलंय, पाहुण्यांना अण्णांनीच सांगितलं की बायकोला गोळ्या चालू आहेत, आणि कशाच्या तेही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणली एक राहिलं बघ. सकाळी निघताना भाकरी बांधून न्या म्हणावं. दुपारपर्यंत नंबर लागत नाही आणि उपाशी पोटी माणसाला बोलता येत नाही.